न लिहिलेलं क्षेम

अण्णा,

तुमच्या तेराव्याला एकसष्ट माणसं आली होती. त्यांतल्या एकोणतीस जणांनी मला एकच वाक्य ऐकवलं. मी मोजत होतो. माझी ही सवय तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिला हसायचात आणि तिच्यावरच जगायचात. वाक्य असं : "अण्णा पुण्यवान. कुणाला त्रास न देता गेले." एवढं बोलून माणसं पानावर बसत होती आणि भात कालवत होती.

एकोणतिसावे तुमच्या शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं ऐकलं आणि मी उठून गच्चीवर गेलो. तिथं तुमच्या शेवंतीच्या एकतीस कुंड्या. पाणी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यांतल्या नऊ माना टाकून बसल्या होत्या. मी बादली भरून आणली, पाणी घातलं आणि मोठ्यानं म्हणालो, "त्रास दिला नाही म्हणे!"

मला तुमचा राग आला आहे, अण्णा. सासऱ्यावर रागावण्याची जावयाची रीत असते ती मानपानावरून. ती वेळ तुम्ही एकवीस वर्षांत येऊ दिली नाहीत. हा राग वेगळा आहे.

तुमच्या लेकीला, नलूला, टायफॉईड झाला होता ते वर्ष आठवा. मीनू तेव्हा दुसरीत. तुम्ही सांगलीहून एसटीनं कऱ्हाडला आलात, तिथं गाडी बदलून साताऱ्याला, आणि दारातच म्हणालात, "माधवराव, तुम्ही कचेरीत जा. घर माझ्याकडं." तेवीस दिवस राहिलात. आष्ट्याच्या शाळेत चौतीस वर्षं खडू धरलेला माणूस आमच्या ओट्याशी उभा राहून भाकरी थापत होता. पहिले तीन दिवस भाकरीला नकाशासारख्या कडा यायच्या. मीनू विचारायची, "आजोबा, आज कुठला देश?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "आज ब्रह्मदेश. शेपटाकडनं खायला सुरुवात कर." नलूचं अंग पुसणं, औषधांच्या वेळा, मीनूची वेणी, सगळं तुम्ही केलंत. वेणी वाईट घालायचात.

तेवीस दिवस. आणि माझ्या वाट्याला तुम्ही किती दिलेत? तीन.

दुसऱ्यासाठी खपायचा हक्क काय तुमच्या एकट्याचा होता? आमची पाळी आली तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत, आणि लोक त्याला पुण्य म्हणतात. मी त्याला आपमतलबीपणा म्हणतो. तुम्ही असतात तर शब्द जड झाला म्हणून माझा अर्धा गुण कापला असतात. कापा.

तुमच्यामाझ्यात भांडणं कमी झाली नाहीत. सगळ्यांत जुनं आठ दिवसांचं. तुम्ही निघताना म्हणायचात, "येतो आठ दिवसांनी," आणि पुढच्या त्याच वारी यायचात. मी म्हणायचो, अण्णा, हे सात झाले. सोमवार ते सोमवार सात. धरणाच्या पाण्याची पातळी रोज वहीत उतरवून घेण्यात माझा जन्म चाललाय, असली मोजणी मला चालत नाही. तुम्ही चष्मा काढून पुसत म्हणायचात, "आज जेवलात का?"

"जेवलो."

"मग आजचा दिवस फुकट गेला काय? तोही धरा. झाले आठ."

"आणि पंधरवडा? दोन आठवडे चौदा होतात. तुमच्या हिशेबानं सोळा व्हायला हवेत, तुम्ही म्हणता पंधरा."

यावर तुम्ही चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवलात. "विचार करून कळवतो," म्हणालात. कळवलं नाहीत.

आणि ती तुमची कार्डं. निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागला राहायला आल्यापासून दर आठवड्याला एक. मंगळवारी आमच्याकडं पोचायचं. वर श्री, मग नलूला आणि मला आशीर्वाद, मग 'वि. वि. इकडील सर्व क्षेम. तुमचे क्षेम कळवावे.' मग सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, चार ओळी, शेवंतीच्या दोन, पेटीच्या नादुरुस्त पट्टीची एक. आणि खाली, पत्ता सोडून जेवढी जागा उरेल तेवढ्यात, माझ्यासाठी कोडं. कृष्णेच्या घाटावर गेलात तर पायऱ्यांचं, बाजारात गेलात तर हळदीच्या पोत्यांचं. 'दोन-दोन पायऱ्या चढलो तर एक उरते, तीन-तीन तर दोन, चार-चार तर तीन, पाच-पाच तर चार. पायऱ्या शंभराच्या आत. किती?' एकोणसाठ. मी ते चहा गार व्हायच्या आत सोडवलं होतं आणि उलट टपाली कळवलं होतं, की या वयात पाच-पाच पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा पत्ता द्या, भेटायचंय.

कचेरीतून आलो की कार्ड मी वाचायचो. नलू ओट्याशी, मीनू अभ्यासाला बसलेली, आणि मी मोठ्यानं. नलू म्हणायची, "सावकाश वाचा हो. गाडी सुटत नाहीये." पण माझं लक्ष कोड्याकडं. वरचं सगळं मी एका दमात म्हणून टाकायचो.

दिवाळीला तुम्ही दोघं आला होतात ते शेवटचं. तेव्हा जरा उतरलेले दिसलात. नलूनं विचारलं तर म्हणालात, दात काढलेत म्हणून जेवण कमी झालंय. दात काढलेले होतेच. खरं बोलून फसवायची तुमची ही पद्धत मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती.

पुढचं मला आईंकडून कळलं. दिवाळीहून परत गेल्यावर तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी पोट तपासलं, चिठ्ठी लिहून दिली आणि मिरजेला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तुम्ही चिठ्ठी पंचांगात ठेवलीत, घरी येऊन आईंना समोर बसवलंत आणि स्वतःची शपथ घातलीत. मीनूची बारावी आहे. तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत साताऱ्याला अवाक्षर जाता कामा नये.

मीनूची बारावी! अण्णा, पोरगी बारावीला बसली होती, सरहद्दीवर गेली नव्हती. फार तर एक वर्ष गेलं असतं. वर्ष परत मिळतं. पण तुम्ही आधी उत्तर लिहून टाकलंत आणि मग गणित मांडलंत. वर्गात कुणी असं केलं असतं तर त्याला उभं केलं असतंत.

संक्रांतीला येतो म्हणालात आणि तिळगूळ आला, आष्ट्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. मी येतो म्हटलं तर कार्ड आलं, 'मीनूचे सराव पेपर चालू असताना घर हलवू नये.' आमच्या घरी फोन बसून दोन वर्षं झाली होती. विश्रामबागच्या चौकात फोनचं बूथ आहे. ते तुमच्या घरापासून एकशे ऐंशी पावलांवर आहे, परवा मोजलं.

मीनूचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी फोन वाजला. तुमचे शेजारी, तेच एकोणतिसावे. "अण्णांची तब्येत बरी नाही. तिघंही निघा." परीक्षेचं वेळापत्रक तुम्ही त्यांच्याकडं देऊन ठेवलं होतंत, कधी फोन करायचा त्या तारखेवर खूण करून.

आम्ही आलो. खाटेवर तुम्ही होतात असं नलू म्हणाली म्हणून मी मानलं. मिरजेच्या डॉक्टरांना घरी आणलं. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "चार महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. किती, ते नाही सांगता येणार." मला आकडा हवा होता. त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जरा पडल्या होत्या आणि मी तुमच्याजवळ बसलो होतो. तेव्हा मी ते केलं, जे मरणाऱ्या माणसाशी कुणी करू नये. भांडलो. म्हणालो, "अण्णा, मला का नाही सांगितलंत? मी परका होतो?"

तुम्ही डोळे उघडलेत. म्हणालात, "सांगितलं होतं की, माधवराव."

मला वाटलं, ग्लानीत बोलताय. तरी सोडलं नाही. "कधी? कुठल्या तारखेला?"

तुम्ही हसलात. कोडं सुटत नसलेल्या पोराकडं बघून हसायचात तसं. मग पाणी मागितलंत. मी चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता तेराव्याचं, जे मी केलं ते.

गच्चीवरून खाली आलो तेव्हा आई आलेल्या बायकांत बसल्या होत्या. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आई, एक कार्ड टाकायला काय झालं होतं? आमचा पत्ता तरी ठाऊक होता ना?"

आई म्हणाल्या, "मला शपथ घातली व्हती त्यांनी." तुमच्या चुलतभावजय, पलीकडच्या गल्लीतल्या, त्या लगेच म्हणाल्या, "आवं वैनी, अशा वक्ताला शपथ मोडायची असती. नवरा मोठा का शपथ मोठी?" आणखी दोघींनी माना हलवल्या. आई उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नलूनं ताट नेलं तर म्हणाल्या, "खरंच माझं चुकलं गं."

त्या वेळी मला वाटलं, बरोबर बोललो. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

दुपारी जाता जाता आष्ट्याचे तुमचे विद्यार्थी सुभेदार माझ्याशेजारी बसले. फौजेतून निवृत्त झालेत, पांढऱ्या मिशा, पण तुमचं नाव काढलं की अजून सावरून बसतात. म्हणाले, "गुरुजी लय कडक नव्हतं, पर एका गोष्टीला सोडायचं न्हाईत. सातवीत पत्रलेखन व्हतं. मी लिवलं, इकडील सर्व क्षेम. गुरुजींनी वही घिऊन बोलावलं. म्हणलं, तुझा बा अंथरुणावर हाय ना रं? मग क्षेम कसं लिवलंस? मी म्हणलं, गुरुजी, लिवायची पद्धत हाय. तर म्हणलं, पद्धत न्हवं, ती बातमी हाय. घरात कुणी आजारी आसंल तर ते वाक्य लिवायचं न्हाई. गाळायचं. वाचणाऱ्याला बरोबर कळतंय. आणि अर्धा मार्क कापला. पुढं फौजेत असताना घरच्या पत्रात आदी क्षेम हाय का न्हाई ते बघायचो, मग बाकीचं."

सुभेदार डोळे पुसत होते. मला मात्र वेगळाच राग चढला. सातवीतल्या पोराचा अर्धा मार्क कापणारा माणूस स्वतः चार महिने दर आठवड्याला आम्हाला 'इकडील सर्व क्षेम' लिहीत होता! परतीच्या एसटीत मी हेच घोकत आलो. तुम्हाला पकडायचं होतं, अण्णा. जिवंतपणी एकदाही सापडला नाहीत, निदान आता.

तुमची सगळी कार्डं माझ्याकडं तारेला टोचून ठेवलेली आहेत, वर्षवार. साताऱ्याला पोचल्यावर हातपाय धुतले आणि तार काढली. दिवाळीनंतरची कार्डं सतरा. पहिलं उचललं. श्री. आशीर्वाद. 'वि. वि. तुमचे क्षेम कळवावे.'

मला वाटलं, एखादं राहिलं असेल. दुसरं घेतलं. 'वि. वि. तुमचे क्षेम कळवावे.' तिसरं, चौथं. सतराच्या सतरा मी खाटेवर ओळीनं मांडली. एकातही नाही. मग आदल्या वर्षाची काढली, एक्कावन्न. एक्कावन्नात एक्कावन्न वेळा आहे. उलटसुलट दोनदा तपासलं. चूक नाही.

आणि तेरावं कार्ड. त्यावरचं कोडं मला चांगलं आठवत होतं. 'शेवंतीच्या फुलांच्या दोन-दोनच्या जुड्या बांधल्या तर एक उरते, चार-चारच्या बांधल्या तर दोन.' असा आकडा असूच शकत नाही. दोन-दोनात एक उरलं की आकडा विषम झाला, मग चार-चारात दोन उरतीलच कसे? तुमच्या हातून झालेली ही पहिली चूक. मी काय केलं असेल? फुशारकीनं तीन ओळी लिहून पाठवल्या, की अण्णा, शेवटी तुम्हीही चुकलात. तुमचं उत्तर आलं, 'बरोबर आहे. माझे लक्ष नव्हते.' लक्ष कुठं होतं हे विचारावं असं मला वाटलं नाही. मी ते कार्ड कचेरीत दाखवत फिरलो.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. खरंही बोलला नाहीत. मधेच एक जागा मोकळी ठेवलीत आणि सतरा आठवडे वाट बघत बसलात, हे तरी भरतील म्हणून. हा कुठला न्याय, अण्णा? शपथ आईंना घातलीत, पण स्वतःच्या हातानं खोटं लिहवेना, म्हणून हा मधला मार्ग? पत्रलेखनाचा धडा आष्ट्याच्या पोरांना शिकवलात, जावयाला कधी शिकवला होतात? मला सांगितलं होतंत, की क्षेम म्हणजे बातमी असते? परीक्षा घ्यायची तर आधी धडा शिकवावा लागतो. हे मी खाटेपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणालो आणि नलू आत आली.

तिला सगळं सांगितलं. सुभेदारांचं, कार्डांचं, तुमच्या त्या दुपारच्या वाक्याचं. तिनं एकेक कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, "पण मी तर ऐकत होते."

"काय?"

"क्षेम. दर मंगळवारी. इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे. तुम्ही वाचायचात ना."

मी म्हटलं, कार्डात नाहीच तर मी कसं वाचीन? तिनं मीनूला हाक मारली. "मीनू, बाबा आजोबांचं कार्ड कसं वाचायचे गं?" मीनूनं माझा आवाज काढून एका दमात म्हणून दाखवलं, श्रीपासून कळवावेपर्यंत. मधे 'इकडील सर्व क्षेम' होतं.

हे असं आहे, अण्णा. तुम्ही गाळलेलं वाक्य मी तोंडानं भरत गेलो. सतरा वेळा. तोंडाला सवय होती आणि डोळे खाली कोड्यावर होते. पाण्याच्या पातळीत अर्ध्या फुटाची चूक मला कागदावरून दिसते, त्याबद्दल साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली आहे. नलूच्या हातात कार्ड दिलं असतं तर तिला पहिल्याच मंगळवारी कळलं असतं. तिनं शाळेत ते पत्रलेखन तुमच्याच वर्गात केलं होतं. तिनंच सांगितलं. "मला अण्णांनी दोनदा लिहायला लावलं होतं," म्हणाली, आणि रडली. तुम्ही गेलात तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. बूथ एकशे ऐंशी पावलांवर होतं, ते तिथंच आहे. पण आता त्यात माझा वाटा किती हेही मला माहीत आहे, आणि तो थोडा नाही.

काल दिवसभर आमचं भांडण चाललं. नलू म्हणते, आईला यातलं काही सांगायचं नाही. "त्यांनी कळवलं होतं आणि आपल्याला कळलं नाही, हे ऐकून ती आणखी खचेल. तुम्ही बोलून मोकळे व्हाल आणि ओझं तिच्यावर जाईल."

मी म्हटलं, "ओझं आहेच त्यांच्यावर. मी टाकलंय. एकसष्ट माणसांच्या देखत."

"मग काय, एकसष्टांना परत बोलावणार?"

"नाही. दोघांना. पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना आणि सुभेदारांना. त्यांच्यासमोर सांगेन, की आईंनी काही लपवलं नाही. कार्ड घरात येत होतं. मला वाचता आलं नाही."

"आणि काकू गावभर करतील."

"करू देत. आईंचं गावभर झालंच आहे."

नलू आत निघून गेली. आज सकाळी बघतो तर तिनं पिशवी काढली आहे आणि त्यात स्वतःच्याही दोन साड्या घातल्या आहेत. सतरा कार्डं मी तारेवरून काढून वेगळ्या पाकिटात घातली आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून राहून गेली, ती मी करणार आहे. आई अजून त्या शपथेखालीच आहेत. नलू सांगते, त्या शेजारणींशीसुद्धा तुमच्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत. कुणी विचारलं की तोंडावर पदर घेतात. शपथ घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, लहान पोरांनासुद्धा ठाऊक आहे. तुम्हाला तीन दिवस होते, बोलत होतात, पाणी मागत होतात. तेवढा एक शब्द म्हणाला नाहीत. मी जावई, मला तो म्हणायचा अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. विचारत बसणार नाही. उद्या दुपारी आईंच्या समोर बसेन आणि म्हणेन, "सुटली."

— माधव